पाऊणकीवर चालणारी सायकल

सायकलला हात लावण्याआधी अप्पा भाटकर पंचांगाला हात लावत. सकाळी चूळ भरून झाली, की पडवीतल्या खुंटीवरचं पंचांग काढायचं, तिथी कोणती आणि ती किती वाजेपर्यंत आहे ते पाहायचं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं आणि "हं, साडेआठ," किंवा "आज काय, आरामात," असं स्वतःशीच म्हणून पंप उचलायचा. रत्नागिरीत त्यांच्या शेजारच्या खोलीत मी राहायला गेलो, तेव्हा पहिले चार दिवस मला वाटलं, हे गृहस्थ मुहूर्त पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नसावेत. मी नुकताच बी. ए. झालेला. मला त्याचं जरा हसूच आलं. पाचव्या दिवशी मी न राहवून विचारलं, "अप्पा, शाळेत जायलासुद्धा रोज मुहूर्त लागतो?"

अप्पांनी पंपाचा दांडा खाली दाबला आणि चाक चिमटीने चाचपत म्हणाले, "मुहूर्त कसला हो? पाणी बघतो. तुमच्या कॉलेजात पाऊणकी शिकवत नाहीत वाटतं?"

मग त्यांनी मला समजावलं. खाडीला पूर्ण भरती किती वाजता येणार हे काढायचं, तर त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती. द्वितीयेला दीड. किनाऱ्यावरचा कोणताही खारवी हे हिशेब बोटांवर करतो. पण सायकलची वेळ त्यावर ठरवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला नाही.

हा सन तीस-एकतीसचा सुमार. मी लांज्याच्या आतल्या बाजूच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. कुणी एका सद्गृहस्थाने वसतिगृहात जागा मिळवून दिली, कुणी जुनी पुस्तकं दिली, असं करत करत मी पदवीपर्यंत पोहोचलो आणि रत्नागिरीच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला लागलो. ज्यांचे उपकार मी विसरू शकत नाही अशा माणसांची यादी मोठी आहे. अप्पांनी मला नोकरी दिली नाही, की पुस्तकं दिली नाहीत. तरीही त्या यादीत त्यांचं नाव फार वर आहे. आज ते हयात नाहीत, म्हणून ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

अप्पा व्हर्नाक्युलर फायनल झालेले प्राथमिक शिक्षक. वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, बांधा काटक, रंग उन्हाने रापलेला. डोक्याला काळी टोपी, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, आणि धोतराचा उजवा सोगा साखळीत अडकू नये म्हणून पोटरीला काथ्याने बांधलेला. तो काथ्या ते शाळेतही सोडत नसत. शहरापासून चारेक मैलांवर खाडीकाठी चिंचखार नावाचं गाव आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेचे ते मास्तर, हेडमास्तर आणि शिपाई. घंटाही तेच वाजवायचे. बायको बरीच वर्षांपूर्वी वारलेली, मुलगी लग्न होऊन देवगडकडे दिलेली. घरात माणूस म्हणून ते एकटे, आणि भिंतीला टेकून उभी असलेली सायकल. तिला ते 'ही' म्हणत. "हिचं मागलं चाक कुरकुरतंय," असं ते म्हणाले, की नवा माणूस गोंधळून जाई.

आमची घरमालकीण बयाकाकू मात्र सायकलला अजून पायगाडीच म्हणे, आणि त्या गाडीवर तिचा विश्वास नव्हता. "अप्पा, एक दिवस त्या पायगाडीवरून थेट खाडीत जाल हो," असं ती आठवड्यातून एकदा तरी बजावायची. अप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. "काकू, मी पाण्याशी वाद घालत नाही. ते आलं की मी थांबतो. ते गेलं की मी जातो. त्याचं माझं भांडण व्हायचं कारणच काय?"

मला सायकल येत नव्हती. आमच्या गावात सपाट जागा म्हणजे खळं, बाकी सगळी चढउताराची घाटी. चोविसाव्या वर्षी, पदवीधर माणसाने, सायकल शिकायला कुणापुढे उभं राहायचं याची मला लाज वाटायची. अप्पांनी ती ओळखली असावी. एका रविवारी ते म्हणाले, "काय बीए, चिंचखार बघायला येताय का? तुमच्यासाठी भाड्याची सायकल घेऊ, इथून उतारापर्यंत चालत जाऊ. पुढे सगळा सपाट रस्ता आहे, आणि बघायला बगळ्यांशिवाय कोणी नसतं." त्या दिवसापासून ते मला बीए म्हणू लागले ते शेवटपर्यंत.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. शहराचा कातळ संपून उतार खाली आला, की एकदम सगळं सपाट होतं. पुढे तीन मैल रस्ता खाडीच्या बांधावरून जातो. डाव्या हाताला खाडी आणि तिवरांची दाट हिरवी झुडपं, उजव्या हाताला खाडीला बांध घालून काढलेली खाजणाची शेतं आणि मधूनमधून तळी. काही तळी इतकी उथळ, की म्हैस बसली तरी तिची पाठ कोरडी. काहींत पांढरी कमळं. बांधाच्या दोन्ही अंगांना पाणी, आणि त्या पाण्यात पडलेलं आभाळ. सायकलवर बसलेल्या माणसाला तिथे आपण दोन आभाळांच्या मधून चाललो आहोत असं वाटतं. खंड्या पक्षी तारेवर नव्हे, तर उघाडीच्या लाकडावर बसलेले असत. उघाडी म्हणजे बांधातलं ते दार, ज्यातून शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर सोडतात. वाऱ्याला अडवायला तिथे काहीच नव्हतं. तो समुद्रावरून निघायचा तो सरळ आमच्या छातीवर यायचा.

मी त्या रस्त्यावर तीन रविवारी सायकल शिकलो आणि दोनदा तळ्यात पडलो. पहिल्यांदा पडलो तेव्हा गुडघाभर पाण्यात, कमळाच्या देठांत अडकून उभा होतो, आणि अप्पा बांधावरून शांतपणे सांगत होते, "हँडल सोडू नका, बीए. सायकल वर द्या आधी. तुम्ही काय, तुम्हाला गंज नाही लागणार." दुसऱ्यांदा एका टिटवीने मला घाबरवलं. बाहेर येऊन मी चिडून म्हणालो, "माझ्यानं नाही होणार, अप्पा. मला तोलच सांभाळता येत नाही."

"तोल सांभाळायचा नसतो," ते म्हणाले. "चालत राहायचं. तोल मागून येतो. तुम्ही चाकाकडे बघताय म्हणून पडताय. ते समोरचं चिंचेचं झाड बघा आणि पाय मारा."

मी झाड पाहिलं आणि पाय मारले. झाडापर्यंत गेलो. मागून अप्पांची घंटी वाजत होती, खणखण, खणखण, जणू कुणाची वरात निघाली आहे. पुढे मी स्वतःची एक जुनी सायकल घेतली, आणि आम्ही कितीतरी सुट्ट्यांना त्या रस्त्यावर गेलो. वारा समोरून असला की अप्पा एक शब्द बोलत नसत. परतताना वारा पाठीशी आला की मोठ्याने आर्या म्हणत, आणि दम लागला की मध्येच तोडून, "पुढचं उद्या," म्हणत. त्यांच्यामुळे मला पहिल्यांदा कळलं, की शरीराला नुसता कष्ट नव्हे, आनंदही होतो. आमच्या घरी शरीर फक्त कामासाठी होतं.

आता शाळेबद्दल. चिंचखारला जायच्या वाटेवर, अर्ध्याच्या थोडं पुढे, बांध खाली उतरतो आणि साठ-सत्तर पावलांची एक दगडी फरशी लागते. पुनवेच्या आणि अवसेच्या मागचेपुढचे दिवस आले, की भरतीच्या आधी तासभर त्या फरशीवर पाणी चढतं आणि नंतर तासभर राहतं. त्या दोन तासांत चिंचखार हे बेट असतं. अप्पांना त्याच्या आधी पलीकडे पोहोचावं लागे. पण खरी अडचण ही नव्हती. चिंचखारच्या बायकामुलांचं निम्मं पोट खाडीच्या चिखलावर चालायचं. ओहोटी लागली, की सगळी पोरं आयांबरोबर तिसऱ्या आणि कालवं, म्हणजे चिखलातली शिंपली, वेचायला जात. त्या वेळी शाळा उघडी ठेवली, तर वर्गात अप्पा आणि भिंतीवरचा हिंदुस्थानचा नकाशा एवढेच. म्हणून अप्पांनी शाळाच पाण्याबरोबर हलवली होती. पाणी चढलं की पोरं मोकळी, पोरं मोकळी की शाळा. कधी सकाळी सात, कधी दुपारी बारा, कधी दोन तुकडे करून. वर्षाकाठी तास पुरेपूर भरत. पटावरची छत्तीस पोरं, त्यांतल्या नऊ मुली, नियमाने येत.

स्कूल बोर्डाचा नियम मात्र अकरा ते पाच असा होता. रत्नागिरीतले दुसरे मास्तर अप्पांना सांगत, "अहो, भरवा तुम्ही केव्हाही. लॉगबुकात अकरा ते पाच लिहून टाका. कोण येतंय बघायला?" अप्पा हे ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचे, 'शाळा सकाळी ७ वाजता भरली.' मी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "पोरांना सांगतो खोटं लिहू नका. मग मी त्याच टेबलावर बसून रोज एक ओळ खोटी लिहू? ते नाही जमायचं, बीए. सायकल मोडली तर चालत जाईन, पण हे नाही."

त्या खऱ्या ओळींनीच घोटाळा केला. वरच्या कचेरीत कुणीतरी लॉगबुकं तपासली, आणि एका पावसाळ्याच्या शेवटी लखोटा आला. चिंचखारची शाळा नेमल्या वेळेत भरत नाही, गावचा रस्ता वरचेवर पाण्याखाली जातो, सबब ही शाळा बंद करून मुलांना डोंगरापलीकडच्या शाळेत का घालू नये, याची चौकशी करण्यासाठी शाळा तपासणारे डेप्युटी साहेब स्वतः येतील. डोंगरापलीकडची शाळा म्हणजे जायला पाच मैल आणि यायला पाच मैल. छत्तीसपैकी सहा पोरं गेली असती तर खूप. मुलगी एकही नाही.

अप्पांनी लखोटा दोनदा वाचला आणि घडी करून पंचांगात ठेवला. त्या दिवशी ते पंप मारायला विसरले आणि चपटं चाक ढकलत उतारापर्यंत गेले. मला वरून दिसत होतं.

डेप्युटी साहेब नवे होते, पुण्याकडचे, तिशी-पस्तिशीचे. स्वतः सायकल चालवतात असं कळल्यावर अप्पांच्या जिवात जीव आला. बैलगाडीने आले असते, तर डोंगराच्या वळशाने नऊ मैलांचा खडकाळ रस्ता पाहून त्यांनी शाळा तिथल्या तिथे बंद केली असती. ते नक्की कोणत्या दिवशी येणार हे ठाऊक नव्हतं. तीन दिवसांत केव्हाही. अप्पांना शाळेत असणं भाग, म्हणून त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं.

"तुम्ही घेऊन या त्यांना. तुम्ही बीए, चार शब्द इंग्रजीत बोलाल. तिथी बघा, पाऊणपट करा, आणि तासभर आधी फरशी ओलांडा. उशीर झाला तर घाई करू नका. तासभर नंतर ओलांडा. रस्ता कोरडा दिसला पाहिजे एवढंच."

तिसऱ्या दिवशी दुपारी एकला डेप्युटी साहेब आमच्या दारात सायकलवरून उतरले. उंच, गोरे, पायांत चामडी बूट, पँटला पोलादी चिमटे. "कुठे आहे तुमचं ते चिंचखार? चला, जेवण झालंय माझं," ते म्हणाले. मी घाईघाईने कोट चढवला. पंचांग अप्पांच्या खोलीत, खोलीला कुलूप. मी स्वयंपाकघराच्या दारातून बयाकाकूला विचारलं, "काकू, आज तिथी काय?"

"अहो, आज संकष्टी नाही का? साबुदाणा भिजवलाय बघा. रात्री चंद्र बघून मग जेवणार मी."

संकष्टी म्हणजे चतुर्थी. चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे फरशी दोनपर्यंत मोकळी. हिशेब चोख होता. मी निर्धास्त झालो.

वाटेत साहेब खुशीत होते. उतार संपून सपाटी लागली तशी त्यांनी सीटवर ताठ बसून दीर्घ श्वास घेतला. "वा! आमच्याकडे एवढं पाणी म्हणजे पूर आला म्हणतात." मार्गशीर्षातलं ऊन होतं, तळ्यांवर रानबदकांचे थवे उतरलेले. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होतो, रस्ता कसा बारमाही आहे, कसा कोरडा आहे. आणि दीड वाजता आम्ही फरशीच्या तोंडाशी आलो तर फरशी नव्हती.

तिच्या जागी तपकिरी पाणी होतं. घोट्याच्या वर असेल, आणि वाढत होतं. तिवराची गळलेली पानं त्यावरून तिरकी वाहत चालली होती. साहेबांनी ब्रेक दाबला आणि एक पाय जमिनीवर टेकवला. मग म्हणाले, "हा तुमचा रस्ता?"

मी घड्याळ काढून पाहिलं, जणू चूक घड्याळाची होती. एक वाजून एकतीस मिनिटं. साहेब बूट काढू लागले, तेवढ्यात पलीकडून खणखण घंटी ऐकू आली. चिंचखारची शाळा उंचवट्यावर आहे. पोरांपैकी कुणीतरी दोन सायकली पाहिल्या असाव्यात. अप्पा जोरात पाय मारत येत होते आणि त्यांच्यामागे अख्खी शाळा धावत येत होती.

"साहेब, उतरू नका!" अप्पा ओरडले. "कडेला उघाडीचा खड्डा आहे. दिसत नाही तो. पाण्याशी वाद नको!"

"मग काय करू? परत जाऊ?" साहेबही ओरडले.

"बसा तिथे. सावली आहे त्या झाडाला. आम्ही इथे बसतो. काय विचारायचं ते विचारा!"

अशी ती तपासणी झाली. या काठाला उंडीच्या झाडाखाली डेप्युटी साहेब आणि मी, त्या काठाला बांधावर ओळीने बसलेली छत्तीस पोरं, आणि मध्ये साठ पावलं पाणी. आधी साहेबांचा आवाज रागीट होता. जिल्ह्याचे तालुके विचारले, पोरांनी एका सुरात सांगितले. कविता म्हणायला लावली, ती वाऱ्यावर अर्धीच ऐकू आली. पोरांना मजा वाटत होती. एक लहानगा तर प्रत्येक उत्तरानंतर टाळी वाजवत होता. शेवटी साहेब हात तोंडाशी धरून म्हणाले, "बरं, तोंडी हिशेब! हे पाणी उतरणार कधी, ते सांगा!"

क्षणभर तिकडे कुजबुज झाली. मग दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी राहिली. अंगावर विटकं परकर-पोलकं, पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलाने माखलेले. तिचं नाव गोदी. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आज दिवसाची तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. सव्वादोनला पाणी थांबेल. सव्वातीनला फरशी मोकळी!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर वाटेत चतुर्थी म्हणालात."

"संकष्टी आहे, साहेब," मी पुटपुटलो.

पलीकडे ते ऐकू गेलं नाही, म्हणून साहेबांनी ओरडून विचारलं, "आज संकष्टी आहे असं हे म्हणतात! मग तृतीया कशी?"

गोदी हसलीच. "उपासावरून तिथी घेतली व्हय सरांनी? संकष्टी चंद्र उगवतो तेव्हाची असते, साहेब! दिवसा तृतीयाच हाय. आमची आय उपास करते, पन तिसऱ्यांना जाताना पंचांग बघते!"

छत्तीसच्या छत्तीस पोरं हसली. साहेबही हसले. अप्पा तेवढे हसले नाहीत. ते टोपी काढून उगाच झटकत होते. मी मान खाली घालून बसलो. माझी पदवी, माझं इंग्रजी आणि माझी पाऊणकी, सगळं त्या पाण्यात गेलं होतं. माझ्यासाठी ते गेलं तर हरकत नव्हती. पण त्याच पाण्यात ती शाळा गेली असं मला वाटत होतं.

साहेबांनी मात्र खिशातून घड्याळ काढलं आणि दगडावर ठेवलं. "बघू या," एवढंच म्हणाले. मग त्यांनी पोरांना विचारायला सुरुवात केली, की अष्टमीला शाळा किती वाजता भरते? का? पुनवेला? पोरं पाऊणकी करून सांगत होती आणि साहेब ते एका कागदावर टिपत होते. दोन वाजले, सव्वादोन झाले. पानं वाहायची थांबली आणि जागच्या जागी गोल फिरू लागली. नंतर ती उलट दिशेने निघाली. मी ते एवढ्या लक्ष देऊन पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तीन वाजून गेल्यावर मधला एक दगड ओला चमकत वर आला, मग दुसरा. साहेबांनी घड्याळ उचललं. तीन वाजून सतरा मिनिटं. "दोन मिनिटांची चूक आहे," ते म्हणाले आणि सायकल घेऊन फरशीवर निघाले. पलीकडून पोरांनी असा काही कल्ला केला, की तळ्यावरची बदकं उठली.

नंतर त्यांनी शाळेत बसून पाट्या पाहिल्या, लॉगबुक उघडलं आणि मघाच्या कागदावरच्या वेळांशी ते कितीतरी पानं ताडून पाहिलं. निघताना अप्पांना म्हणाले, "मास्तर, मी पाहिलं ते लिहीन. पुढचं बोर्डाच्या हाती. माझ्याकडून वचन घेऊ नका."

साहेब गेल्यावर परतीच्या वाटेवर मी अप्पांच्या मागे पन्नास हात राहून सायकल चालवत होतो. त्यांनीच वेग कमी केला आणि मला बरोबर घेतलं. मी क्षमा मागायला सुरुवात केली, तर ते म्हणाले, "थांबा, बीए. मी बरोबर वेळेला आणलं असतं, तर साहेबांनी कोरडी फरशी पाहिली असती. मग त्यांनी मला विचारलं असतं, रस्ता इतका चांगला आहे तर अकरा ते पाच का नाही? त्याला माझ्याकडे काय उत्तर होतं? आज त्यांनी पावणेदोन तास पाण्याकडे बघितलं. मी दहा अर्जांत लिहून जे सांगू शकलो नसतो, ते तुम्ही दाखवलंत." आणि थोडं थांबून, "पण पुन्हा काकूंच्या साबुदाण्यावरून तिथी घेऊ नका हं."

वारा पाठीशी होता, तरी त्या संध्याकाळी ते आर्या म्हणाले नाहीत. त्यावरून मला कळलं, की धीर ते मला देत होते, स्वतःला नव्हे.

पुढचे सहा-सात आठवडे वाईट गेले. बाहेरून काही दिसत नव्हतं. पंचांग, पंप, सायकल, सगळं तसंच. पण पोस्टमन गल्लीत दिसला, की अप्पांचा हात पंपावर थांबायचा. "काही आलं का?" असं ते कधी विचारत नसत. पोस्टमनच लांबून मान हलवायचा, आणि मग पंप पुन्हा सुरू व्हायचा. शेवटी माघातल्या एका दुपारी लखोटा आला. अप्पा तो उघडेनात. म्हणाले, "जे असेल ते चिंचखारचं आहे. तिथेच उघडू." तसेच आम्ही दोघे निघालो. षष्ठी होती, साडेचारच्या भरतीला फरशीवर पाणी चढणार नव्हतं. वाटेत आम्ही एक शब्द बोललो नाही. वारा समोरून नव्हता तरी.

शाळेच्या पायरीवर अप्पांनी घंटा वाजवली. पोरं आली, चिखलातून आलेल्या आया टोपल्या डोक्यावर ठेवूनच आल्या, चार म्हातारे आले. अप्पांनी लखोटा फोडून उभ्याने वाचला. 'मौजे चिंचखार येथील शाळेच्या वेळा स्थानिक परिस्थितीस अनुसरून ठेवण्यास मंजुरी देण्यात येत असून सदरहू शाळा पूर्ववत चालू ठेवण्यात यावी.' खाली सही आणि शिक्का.

कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही. गोदीच्या आईने डोक्यावरची टोपली सावरत विचारलं, "म्हंजे काय झाला वो, गुरजी?"

अप्पांनी कागद पुन्हा पाहिला. मग कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, आणि वरून बटण लावलं.

"काही झालं नाही," ते म्हणाले. "शाळा आहे तशी आहे. उद्या सप्तमी. सकाळी सातला या."

मागच्या ओळीतून त्या टाळ्या वाजवणाऱ्या लहानग्याचा रडवेला आवाज आला, "म्हंजे बंद नाय?"

"नाही रे बाबा," अप्पा म्हणाले, आणि आता मात्र ते मोठ्याने, अगदी खोकला येईपर्यंत हसले. "नाही बंद. आणि सात म्हणजे सात. पाटी पुसून आण."